गाडीतून उतरू नका!

उसाच्या हंगामातली गोष्ट. शाळेच्या वळणावर उसाने भरलेला एक ट्रक विजेच्या खांबाला धडकला. खांब वाकला आणि एक तार तुटून थेट ट्रकच्या टपावर पडली. ड्रायव्हरने दार उघडून पाय खाली सोडलाच होता, तेवढ्यात गावातला वायरमन लांबूनच ओरडला, "उतरू नको! आतच बस!"

आमची चौथीची पोरे दप्तरासकट बघायला धावली. खरे सांगते, मीही मदतीला निघालेच होते. वायरमनने सगळ्यांना मागे हटवले. निदान १० मीटर, म्हणजे तीस-पस्तीस फूट लांब. उपकेंद्राला फोन करून लाईन बंद केली, ती बंद असल्याची खात्री केली, मगच ड्रायव्हर उतरला.

वर्गात पहिला प्रश्न आला, "बाई, तार ट्रकवर, मग तो आत कसा वाचला? टायर रबरी म्हणून ना?"

नाही हं! टायरात काजळी आणि पोलादी ताराही असतात, त्यांचा भरवसा धरू नये. तारेवर बसलेली चिमणी आठवा. तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, म्हणून तिच्यातून वीज वाहत नाही. ड्रायव्हरचेही तसेच. पण एक हात दाराला आणि एक पाय जमिनीवर, की वीज त्याच्या अंगातून वाट काढणार! घरातली वीज २३० व्होल्टची, तर गावाबाहेरून येणारी मोठी लाईन बहुधा ११,००० व्होल्टची. तिथे वाळकी काठीसुद्धा कामाची नाही. तार ठिणग्या टाकत नसली तरी ती मेली असे समजू नका. बंद पडलेला प्रवाह पुन्हा चालू होऊ शकतो.

आणि जमीन? तळ्यात खडा टाकला की लाटा पसरतात, तशी वीज जमिनीत पसरते. तारेजवळ दाब जास्त, लांब कमी. मोठे पाऊल टाकले तर दोन पायांखाली वेगवेगळा दाब, म्हणजे झटका! गाई-म्हशींच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्या बिचाऱ्या लवकर सापडतात.

तर गाडीतच बसायचे, येणाऱ्यांना ओरडून लांब ठेवायचे आणि ११२ किंवा महावितरणच्या १९१२ वर फोन करायचा. गाडीने पेटच घेतला तर मात्र उतरावे लागते. तेव्हा हात अंगाशी, पाय जुळलेले आणि गाडीला न शिवता उडी. पुढे पावले न उचलता, जवळजवळ ठेवून सरकत सरकत लांब जायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मैदानावर चुन्याची वर्तुळे आखली. पोरांना आधी बेडूकउड्याच मारायच्या होत्या. तिसऱ्याच उडीला एकीचा तोल गेला, हात टेकले, आणि सगळे ओरडले, "शॉक!" मग सगळी रांगेत सरकत निघाली. कोणी पडले नाही, पण चपला पार झिजल्या.