उशिरा आलेली विमाने

लढाऊ विमान आकाशात झेपावते, तेव्हा आपल्याला वैमानिकाचे धैर्य दिसते. परंतु त्या झेपेमागे हजारो कारागिरांचे श्रम असतात. विमानाचा सांगाडा एका कारखान्यात, इंजिन दुसऱ्यात, पंखा तिसऱ्यात, तर तोफा आणखी कोठे तयार होतात. यांपैकी एखादी वस्तू जरी वेळेवर आली नाही, तरी विमान जमिनीवरच खिळून राहते. फ्रान्सला हे सत्य फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले.

पहिल्या महायुद्धात, म्हणजे 1914 ते 1918 या काळात, फ्रान्सने 50,000 हून अधिक विमाने बांधली. अमेरिकेच्या वैमानिकांनीही त्यांतील अनेक विमाने वापरली. पुढे शांततेच्या काळात विमानांची मागणी घटली. कारखाने लहानच राहिले आणि त्यांत बरेचसे काम हातानेच होई. 1936 साली युद्धसामग्रीचे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे करण्याचा कायदा झाला. परंतु जुनी घडी मोडून नवी बसवण्यास अवधी लागला.

सप्टेंबर 1939 मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्या वेळी ‘ब्लॉक’ जातीची कित्येक नवी विमाने केवळ पंख्यांअभावी उडू शकत नव्हती. ‘मोरान’ जातीची विमाने संख्येने पुष्कळ होती. पण त्यांचा वेग ताशी 490 किलोमीटरांच्या आसपास, तर जर्मनीच्या ‘मेसरश्मिट’ विमानांचा 550 किलोमीटरांहून अधिक होता.

एमिल दवातिन या अभियंत्याचे ‘डी. 520’ हे विमान मात्र सरस होते. त्याचा वेग ताशी सुमारे 530 किलोमीटर होता. त्याच्या पंख्याच्या मध्यातून तोफेचा मारा होत असे. 2 ऑक्टोबर 1938 रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. पण त्यात वारंवार सुधारणा कराव्या लागल्या आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादन लांबले. 10 मे 1940 रोजी जर्मनीने आक्रमण केले, तेव्हा अशी अवघी 36 विमाने लढाईस सज्ज होती.

मग तुलूझ येथील कारखान्यात कामाची एकच धांदल उडाली. 22 जून रोजी शस्त्रसंधीवर सह्या झाल्या, त्या सुमारास तयार विमानांची संख्या 400 च्या वर गेली होती. पण हे वरातीमागून घोडे ठरले. वैमानिक शौर्याने लढले, अनेकांनी प्राणही वेचले. तथापि गेलेले दिवस त्यांच्या शौर्याने परत येणार नव्हते.

रणांगणावरील विजयाची तयारी शांततेच्या दिवसांत, कारखान्यात आणि अभियंत्याच्या मेजावर करावी लागते, हेच खरे.