कष्टकरी स्त्रीचे हृदयारोग्य आणि शासनाची जबाबदारी

आपल्या वसतिगृहात राहून शिकणाऱ्या अनेक मुलामुलींच्या माता कष्टकरी आहेत. कुणी शेतमजुरी करते, कुणी ऊसतोडीला जाते, कुणी शहरात चार घरची धुणीभांडी करते. मुलाला ताप आला तर ही माता मजुरी बुडवून दवाखाना गाठते. परंतु स्वतःला चढण चढताना धाप लागली, छातीत जडपणा वाटला, तर ‘दगदग झाली’ एवढे म्हणून पुन्हा कामाला लागते. हृदयरोग हा पुरुषांचा, त्यातही सुखवस्तू पुरुषांचा आजार, हा समज अद्याप दृढ आहे. वस्तुस्थिती अशी की, जगभरात स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. तेव्हा या मातांचे हृदय निरोगी राहावे यासाठी सार्वजनिक निधी कोठे खर्च होतो आणि तो त्यांच्यापर्यंत कितपत पोहोचतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम रोगाची वाट पाहू. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक सातत्याने राहिला, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. तो वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांची हानी करीत राहतो. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी मीठ पुरेसे असताना, भाकरीसोबत लोणचे, ठेचा वा खारवलेली मासळी एवढेच ताटात असले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. चुलीचा धूर फुप्फुसांइतकाच रक्तवाहिन्यांनाही घातक आहे. मिश्री लावणाऱ्या स्त्रीस आपण तंबाखूचे सेवन करतो, असे वाटतच नाही. गरोदरपणी रक्तदाब वा साखर वाढलेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात हृदयरोगाचा धोका अधिक असतो. पण बाळंतपण सुखरूप पार पडले की ती नोंद कागदातच राहते. झटक्याच्या वेळीही स्त्रियांना छातीतील कळेसोबत, अथवा क्वचित तिच्याविनाही, धाप, मळमळ, जबड्यात वा पाठीत दुखणे आणि कमालीचा थकवा अशी लक्षणे जाणवतात. ती पित्तावर घातली जातात आणि अमूल्य वेळ निघून जातो.

दुसरी वाट बालपणातून जाते. दाटीवाटीच्या वस्तीत मुलांना स्ट्रेप्टोकॉकस या जंतूमुळे घशाचा संसर्ग होतो. त्यावर वेळीच उपचार न झाल्यास काही मुलांना सांधे सुजवणारा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. अशी मुलगी मोठी होते, तिचे लग्न होते आणि झडपेचा आजार कित्येकदा पहिल्या गरोदरपणात, हृदयावरील भार वाढल्यावर, उघडकीस येतो. वस्तुतः घसा दुखत होता तेव्हाच पेनिसिलिनसारखे स्वस्त औषध मिळाले असते, तर ही आपत्ती टळू शकली असती.

आता निधीकडे वळू. केंद्र शासनाने २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०२३ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून तो असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. त्याचा खर्च महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची तपासणी व्हावी, अशी त्यात तरतूद आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन वय, तंबाखू, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल व कुटुंबातील आजार यांचा तक्ता भरते. स्त्रीची कंबर ८० सेंटीमीटरहून अधिक असल्यास धोक्याचे गुण वाढतात. एकूण गुण चारपेक्षा जास्त झाल्यास तिला तपासणीस अग्रक्रमाने पाठवावयाचे असते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे आपल्या राज्यातील चार जिल्हे होते. ठरलेली साधी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, परिचारिकेसह साऱ्या चमूचा सहभाग, घराजवळ उपचार आणि प्रत्येक रुग्णाची नोंद या पाच गोष्टींवर तो उभा आहे. राज्य शासनाने २०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान काढून अठरा वर्षांवरील स्त्रियांची तपासणी हाती घेतली. मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथे झाला आणि झडपांचा उपरोक्त आजार त्याच्या तपासणीसूचीत आहे.

मग उणीव कोठे आहे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना शस्त्रक्रियेचा भार उचलतात. त्या आवश्यकच आहेत. परंतु त्यांचा लाभ रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक निधीचा दोन-तृतीयांश वा अधिक भाग प्राथमिक आरोग्यसेवेस द्यावा, असे म्हटले आहे. त्यामागील हिशेब सरळ आहे: रोज एक गोळी देण्यास जो खर्च येतो, तो झटक्यानंतरच्या उपचारापुढे नगण्य ठरतो, आणि झटक्याने एका घरातील कर्ती स्त्री हरपते ती कोणत्याही योजनेने परत येत नाही.

शिवाय औषध मोफत असले तरी स्त्रीचा वेळ मोफत नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण वेळ आणि तिच्या मजुरीची वेळ एकच असते. महिन्याच्या गोळ्यांसाठी तिला एका दिवसाची मजुरी गमवावी लागते. मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणारी स्त्री दिवाळीच्या सुमारास गाव सोडते व उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. तिचे नाव गावच्या नोंदवहीत आणि ती मात्र दूरच्या फडात, अशा स्थितीत उपचार तुटतो. उपचार सुरू असणाऱ्यांना दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम देणे, संध्याकाळी तपासणी ठेवणे, गाव सोडताना उपचारपत्रक सोबत देणे आणि साखर कारखान्यांच्या परिसरात तीच औषधे उपलब्ध करणे, यांस फार मोठा निधी लागत नाही. कष्टकरी स्त्रीचा दिनक्रम ध्यानी घेऊन तो खर्च करावा लागतो.

हा उपकाराचा प्रश्न नव्हे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, मातेस विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे आणि म्हणून तिचा भार बहुतांशी शासनाने उचलावा, अशी भूमिका मांडली होती. पुढे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले. बाळंतपणापुरती मान्य झालेली ही जबाबदारी चाळिशीतील, पन्नाशीतील स्त्रीपर्यंत नेणे, हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल आहे.

शासनाचे काम शासनाने करावे. आपल्या हातीही थोडे आहे. दुखणारा घसा विद्यार्थ्याने लपवू नये, अधीक्षकांनी तो दुर्लक्षू नये. आरोग्य पथक शाळेत येईल त्या दिवशी एकही मूल गैरहजर राहू नये. आणि सुटीत घरी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आईला एकच प्रश्न विचारावा: ‘आई, तुझा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?’ उत्तर ‘कधीच नाही’ असे आले, तर दुसऱ्याच दिवशी तिला सोबत घेऊन उपकेंद्राची वाट धरावी.