पडत्या नारळाचा हिशेब

माडावर 20 मीटर उंचीवर लटकलेला दीड किलोचा नारळ स्वस्थ दिसतो. पण जमिनीच्या तुलनेत त्याच्याकडे सुमारे 294 ज्यूल स्थितिज ऊर्जा असते. देठ सुटला की ती गतिज ऊर्जेत बदलू लागते. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर वाटेत कुठेही दोन्हींची बेरीज 294च भरते. निम्म्या वाटेवर निम्मी ऊर्जा गतिज झालेली असते, वेग मात्र निम्मा नसतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणून तिथेच तो सेकंदाला 14 मीटर असतो. जमिनीशी तो जवळपास 20 होतो, म्हणजे ताशी 71 किलोमीटर. या वेगाच्या गणितात वस्तुमान येतच नाही. मला तर हीच यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हवा धरली की चित्र पालटते. 2 किलोमीटरवरून सुटलेला पावसाचा थेंब निर्वातात ताशी 700 किलोमीटरने आदळला असता. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला 9 मीटरच्या आसपास स्थिरावतो. बाकीची ऊर्जा नाहीशी होत नाही. हवा ढवळण्यात आणि अखेर तिला व थेंबाला किंचित तापवण्यात ती जाते. नारळाला हवा एवढे अडवत नाही, तेव्हा वाऱ्यापावसात माडाखाली थांबू नका.