बांधून आणलेली बुलेट विश्रामबागला का थांबते?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फूट ओलांडले, तेव्हा गावभागातल्या मोटारसायकली हँडलसकट बुडाल्या. त्यानंतर गॅरेजांत एकच काम होते: इंजिन खोला, गाळ धुवा, बेअरिंगा बदला, पुन्हा बांधा. आमची बिडाच्या बॅरलची साडेतीनशेची बुलेटही त्या रांगेत होती. बांधून आली, पहिल्या किकला लागली आणि विश्रामबागपर्यंत जाऊन बंद पडली. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू.

लगेच सल्ला मिळतो, "इंजिन परत खोला." मला ते पटत नाही. नव्याने बांधलेल्या गाडीत आधी संशय घ्यावा तो शेवटी जिथे हात लागला त्या जागांचा. आणि तपासणी करावी ती गाडी बंद पडली तिथेच, गरम असताना. ढकलत घरी नेली की दोषही थंड होतो.

गरम झाल्यावर बंद, थोड्या वेळाने चालू, या एकाच लक्षणामागे तीन वेगळी कारणे असू शकतात.

पहिले अगदी साधे. टाकीचे झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली, तर झाकणाचे बारीक भोक गाळाने किंवा नव्या रंगाने बुजले आहे. पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा वरून आत यावी लागते; ती आली नाही की कार्बोरेटर कोरडा पडतो.

दुसरे, करंट. प्लग काढून त्याच्या टोपीत बसवा, हेडला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि किक मारा. ठिणगी निळी, जाड हवी. बारीक, पिवळसर असेल तर पॉइंटचे झाकण काढून पाहा. पॉइंटमध्येच लखलखाट होत असेल तर कंडेन्सर गेला. डब्यातून काढलेला नवा कंडेन्सरही जातो. पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिमी ठेवायची. चेसीला ताजा रंग मारला असेल तर अर्थची वायर रंगावरच आवळलेली नाही ना, हेही बघा. रंगातून करंट जात नाही, हे रंगाऱ्याला कोण सांगणार!

तिसरे, कॉम्प्रेशन. किकवर हळू वजन टाका. पाय अडला पाहिजे. थंड असताना अडतो आणि गरम असताना अलगद खाली जातो, तर वाल्व पूर्ण बसत नाही. इंजिन बांधल्यावर गॅसकिट दबते, घासलेला वाल्व सीटमध्ये आणखी रुततो, आणि टॅपेटमध्ये ठेवलेली मोकळीक संपते. त्यात गरम झालेला एक्झॉस्ट वाल्व लांबतो आणि टेकायचाच राहतो.

उपाय रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर करायचा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून किक दाबा. हवा अंगठा ढकलू लागली की पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वर येतोय. तो अगदी वर आणून उजवीकडचे टॅपेट कव्हर काढा. पुशरॉड दोन बोटांनी फिरली पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये.

किक उलटी मारत असेल तर मात्र दोष टायमिंगचा. ठिणगी फार लवकर पडते आहे. या इंजिनात पिस्टन वर पोचण्याच्या 0.8 मिमी आधी पॉइंट उघडायला लागतात. ते हेडलाइटजवळच्या अँपिअर मीटरवर दिसते: स्विच चालू ठेवून इंजिन हाताने फिरवा, डिस्चार्जकडे झुकलेला काटा मध्यावर आला, तो क्षण पॉइंट उघडल्याचा. मिस्त्री पिस्टनची उंची स्पोकने मोजतात. प्लगचे भोक तिरके असल्याने त्यात थोडी चूक धरावीच लागते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. कंडेन्सर, जेट आणि टॅपेट एकाच दुपारी हलवले तर गाडी सुधारेल, पण कशाने सुधारली ते कळणार नाही.

आमच्या गाडीत झाकण ठीक होते, ठिणगी निळी होती आणि पाय अलगद खाली जात होता. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट निघाला. अर्ध्या तासाचे काम. तुमची गाडी नुकतीच बांधून आली असेल, तर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर आधी हेडचे नट आवळून घ्या, मगच टॅपेट पाहा.