जुन्या लुगड्याला पाणी लावू नये

संग्रहालयात ठेवण्याजोगे वस्त्र म्हणजे सरदारांचा अंगरखा किंवा निदान भरजरी पैठणी, असा समज सुशिक्षितांतही इतका रुजला आहे, की सातपुड्याच्या पायथ्याच्या म्हसावदसारख्या गावी आजीच्या पेटीतले ठिगळाचे लुगडे किंवा आदिवासींच्या होळीत बुध्याचे सोंग घेणाऱ्याचा मोरपिसांचा टोप हेही दस्तऐवज आहेत, हे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. वस्तुतः राजाचे वस्त्र राजामुळे टिकते. श्रमणाऱ्याचे वस्त्र झिजेपर्यंत वापरले जाते आणि म्हणूनच दुर्मिळ होते.

कापड फार काळ टिकतच नाही, हेही पूर्ण सत्य नव्हे. नेवाशाच्या उत्खननात तांब्याच्या मण्यांत ओवलेला, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा धागा सापडला. तांब्याच्या क्षारांनी जीवाणूंना थारा न दिल्यामुळे तो वाचला, आणि त्यात कापसासह रेशीमही असल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. त्याच काळातील, म्हणजे ताम्रपाषाणयुगातील, वस्ती आपल्या शेजारी, तापीकाठच्या प्रकाशे येथेही उजेडात आली आहे.

सर्वांत घातक समज मात्र स्वच्छतेचा आहे. रिठ्याच्या पाण्यात हलकेच बुचकळले तर काय बिघडते, असे आपण सद्भावनेने म्हणतो. परंतु जीर्ण रेशीम ओले होताच अधिक दुबळे होते, कच्चा रंग शेजारच्या काठात उतरतो, लोहक्षाराने काळे केलेले सूत तर स्वतःच्याच रंगाने आधीच कुजत आलेले असते, आणि ज्या हळदीच्या डागावरून नेसणारीच्या आयुष्यातला प्रसंग ओळखावयाचा तो डागच नाहीसा होतो. काळवंडलेली जर घासणाऱ्याने हेही जाणावे, की जुन्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा असतो आणि घासताना जातो तो मुलामाच.

ऊन दाखवण्याची चाल रोजच्या कपड्यांना हितकर असली, तरी जुन्या रंगांवर प्रकाशाचा आघात साचत जातो व भरून येत नाही. म्हणून संग्रहालये साधारण ५० लक्सपलीकडे प्रकाश पडू देत नाहीत. कसर लागू नये म्हणून ठेवतात त्या डांबरगोळ्यांची वाफ माणसालाही अपायकारक असते. पिसांना व लोकरीला कसर लागली, तर जाणकार ती वस्तू हवाबंद पिशवीत उणे २० अंशांखाली गोठवून कीड मारतात. जरीचे वस्त्र घडीवर चिरते, यास्तव धुऊन घेतलेल्या नव्या मलमलीसह ते नळकांड्यावर गुंडाळावे. प्लॅस्टिकमध्ये कोंडू नये.

वाचकांना एवढीच विनंती, की पेटी उघडाल तेव्हा ते वस्त्र कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी नेसले हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी वस्त्राजवळच ठेवावी.