फळभक्षी वटवाघळांची ओळख

वटवाघूळ हा पक्षी नव्हे, पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु समोरचे वटवाघूळ कोणत्या जातीचे, हे सांगणे जाणत्यांनाही सोपे नाही. मध्य आफ्रिकेतील काँगो नदीच्या खोऱ्यातील दाट अरण्यांत फळांवर जगणाऱ्या वटवाघळांच्या अनेक जाती शेजारी शेजारी नांदतात. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातर्फे लांग आणि चॅपिन यांनी १९०९ ते १९१५ या काळात तेथे प्राण्यांचे नमुने जमविले. त्यांतील वटवाघळांवर १९१७ साली प्रबंध निघाला. अशा नमुन्यांची ओळख कशी पटवितात, ते आपण क्रमाने पाहू.

प्रथम वटवाघूळ फळभक्षी आहे की कीटकभक्षी, हे ठरवावयाचे. मोठे डोळे, सलग कडेचा साधा कान आणि अंगठ्याप्रमाणे दुसऱ्या बोटालाही नखी, ही तेथील बहुतेक फळभक्षींची खूण. मग कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी मोजावयाची. हातोड्यासारख्या तोंडाच्या मोठ्या जातीत ती नराची बारा सेंटिमीटरच्या वर जाते. फ्रँकेटच्या वटवाघळात आठ ते दहा, आणि गळ्याशी केसांचा पट्टा असलेल्या लहान जातीत सहाच्या आसपास भरते.

खरी अडचण पुढेच आहे. हातोडातोंड्या नर त्याच्या फुगीर थोबाडामुळे लपत नाही. पण त्याच्या मादीचा चेहरा इतरांसारखाच, कोल्ह्याच्या वळणाचा. तिचे अर्धवट वाढलेले पिलू आकाराने फ्रँकेटच्या प्रौढ वटवाघळाएवढे दिसू शकते. फ्रँकेटच्या जातीत खांद्यावरचे पांढरे झुबके नरालाच असतात, आणि मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडतो. अशा वेळी पंख दिव्यासमोर धरतात. बोटांच्या सांध्यांतून उजेड झिरपला, तर तेथे अजून मऊ कूर्चा आहे. प्राणी अल्पवयी ठरतो. मग जबडा उघडून टाळूवरच्या आडव्या वळ्या तपासतात. त्यांची ठेवण जातीपरत्वे निराळी असते.

एवढा खटाटोप कशासाठी? २००५ साली गॅबन व काँगो प्रजासत्ताक येथील नमुन्यांपैकी नेमक्या याच तीन जातींत एबोला विषाणूच्या जनुकद्रव्याचे अंश सापडल्याचे प्रसिद्ध झाले. जिवंत विषाणू मात्र त्यांत मिळाला नव्हता. येथे नाव चुकले, तर एकीचा आळ दुसरीवर जाईल आणि रोगाचा माग भलतीकडेच काढला जाईल. आज जनुके वाचून जात ठरविता येते हे खरे. पण ती ताडून पाहावयास अचूक नावाचा नमुना आधी लागतोच.

चुकीचे नाव किती काळ टिकते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९४८ साली दक्षिणेत मदुराईकडील डोंगरांत मिळालेले एक वटवाघूळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात नेहमीच्या आखूड नाकाच्या जातीचे म्हणून पडून होते. १९७२ साली किट्टी थोंगलोंग्या या थाई शास्त्रज्ञाने त्याचे दात आणि कवटी पाहिली. ती जातच नवी निघाली. तिला सालिम अलींचे नाव मिळाले. चोवीस वर्षे प्राणी कपाटात होता, पण शास्त्राला तो ठाऊक नव्हता. म्हणून नमुना जमविण्याइतकेच तो जपणे आणि पुन्हा पुन्हा तपासणे मोलाचे आहे.