गल्लीतला रस्ता आणि टोलचा रस्ता

कोल्हापूर : प्रभागातील रस्त्याची मागणी बहुधा नगरसेवकाकडून येते. अभियंता मोजमाप घेऊन अंदाजपत्रक करतो. मग अर्थसंकल्पातील तरतूद, प्रशासकीय व तांत्रिक मंजुरी, निविदा, स्थायी समितीची मान्यता आणि अखेरीस वर्कऑर्डर, असा फाईलचा प्रवास चालतो. तरतूद नसेल, तर फाईल पुढे सरकत नाही.

एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पाला मात्र ही अडचण आली नाही. सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांचा 220 कोटींचा खर्च महापालिकेच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यामुळे राज्य रस्ते विकास महामंडळाच्या साथीने ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर काम आयआरबी कंपनीकडे गेले. मोबदला होता 30 वर्षांची टोलवसुली. पैसा वाहनधारकांच्या खिशातून येणार होता. त्यांची संमती घेण्याचा टप्पा मात्र मंजुरीच्या साखळीत कुठेच नव्हता.

ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली आणि जानेवारी 2014 मध्ये टोलनाके पेटले. एन. डी. पाटील व गोविंद पानसरे आंदोलनाच्या अग्रभागी होते. टोल रद्द झाल्याची घोषणा डिसेंबर 2015 मध्ये झाली. ती ऐकायला पानसरे नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती. कंपनीच्या भरपाईचा भार शासनाने, म्हणजे पुन्हा करदात्यांनीच, उचलला.